तोंड उघडलं की बेस गळतो

बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या वतीनं भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक आखला. सहा महिन्यांत जेमतेम तीन मैल खणून झाला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि काम तिथंच थांबलं. १७९९ मध्ये सर्क्युलर रोडसाठी तो खंदक बुजवण्यात आला.

त्या गल्लीजवळच आमचे मामा राहतात. नाटकांना आणि जलशांना ध्वनिव्यवस्था करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, एका बंगाली बँडबरोबर गाते. दुर्गापूजेच्या दिवसांत तर तिला उसंत नसते. तिनं कानाचा ठसा देऊन स्वतःच्या मापाचे इन-इअर मॉनिटर, म्हणजे गाताना आपला आवाज कानातच ऐकवणारे छोटे स्पीकर, करून घेतले. पैसे बरेच गेले. पण तार सप्तकात आवाज लावायला तोंड उघडलं की कानातला बेस नाहीसा होतो, आणि ती मिक्सरवाल्याला हातानं खूण करते : वाढव. दर कार्यक्रमाला हेच.

माझी धाकटी बहीण ऑडिओलॉजिस्ट आहे; मामेबहिणीला ती ताई म्हणते. या प्रकरणावरून तिची आणि मामांची जी जुंपली, ती इथं मांडतो आहे. महाराष्ट्रातही आता ऑर्केस्ट्रापासून मोठ्या मैफलींपर्यंत गायकांच्या कानात ही यंत्रं दिसतात. ती कानात कशी बसली पाहिजेत, हे मात्र विकणाऱ्यांपैकी फार थोडे सांगतात.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. काढून टाकू दे तिला ते कानातून. गवयानं सभागृह ऐकलं पाहिजे. समोरची दाद, साथीदाराची थाप, भिंतीवरून परत येणारा आपला आवाज हे सगळं बंद करून गायचं कशाला? १९०२ मध्ये याच शहरात गौहरजाननं कर्ण्यासमोर उभं राहून ध्वनिमुद्रण केलं. तिचा आवाज तिला परत ऐकवायला तिथं कोणतं यंत्र होतं?

धाकटी : तिच्या मागं ड्रमसेटही नव्हता, मामा. ताई बैठकीत गात असती, दोन तानपुरे, तबला, पेटी एवढाच संच असता, तर मीही तुमच्यासारखंच म्हणाले असते. पण तिच्या मागं ड्रम, बाजूला गिटारचा अ‍ॅम्प, पायाशी मॉनिटर आणि मंडपात ढाक. स्वतःचा सूर ऐकू येत नाही म्हणून ती मॉनिटर वाढवायला सांगते. मॉनिटर वाढला की माइक शिट्टी मारतो. ती शिट्टी तुम्ही आयुष्यभर दाबत आलात.

मामा : शिट्टी दाबता येते गं. गेलेला कान परत आणता येत नाही. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले, तेव्हा आम्ही धंदेवाले कुरकुरलो होतो. आज मला तो निकाल योग्य वाटतो. पण बाहेरच्या भोंग्याला न्यायालय आवर घालील. कानाच्या पडद्याजवळ नेऊन ठेवलेल्या स्पीकरला कोण आवर घालणार?

मामांच्या बोलण्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. इन-इअरच्या जाहिराती याला बगल देतात. धाकटीनं दिली नाही.

धाकटी : फिटिंग घालील आवर. दुसरं कुणी नाही. हिशेब सांगते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास, ही कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेतल्या ‘नायोश’ संस्थेनं घालून दिलेली मर्यादा. त्यापुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. बँडच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाची ती पंधरा मिनिटं दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यालाच संपतात. नीट बसलेला मोल्ड, म्हणजे ठशावरून घडवलेलं इन-इअरचं कवच, बाहेरचा आवाज साधारण वीस ते पंचवीस डेसिबलनं खाली आणतो. मग कानात स्वतःचा आवाज हळू ठेवला तरी पुरतो. यासाठीच तो घालायचा. जो गायक इन-इअर घालून आवाज कमी करत नाही, त्यानं तो घालूच नये.

मामा : म्हणजे हा इथला मराठा खंदकच झाला की. भीतीपोटी खणायचा, शत्रू आलाच नाही तरी खणायचा.

धाकटी : हा शत्रू रोज संध्याकाळी साउंडचेकला येतो, मामा. आणि खंदकाचंच म्हणाल, तर सातापैकी तीन मैल खणलेला खंदक कुणालाच अडवत नाही. ताईच्या कानात नेमकं तेच झालंय. मोल्ड आहे, पण एका जागी फट आहे. छोट्या बंद पोकळीत खालच्या पट्टीचे आवाज टिकतात. फट पडली की तिथून हवा ये-जा करते आणि त्या आवाजांना लागणारा दाब तयारच होत नाही. म्हणून सगळ्यात आधी बेस जातो. त्याच फटीतून ड्रम आत येतात. मग ती म्हणते, वाढव. मघाशी तुम्हाला जी भीती वाटत होती ती खरी आहे, पण ती फुटक्या सीलबद्दल आहे.

मामा : ठसा तिच्याच कानाचा, मोल्ड त्या ठशाचा, मग फट आली कुठून?

धाकटी : करंगळी हलकेच कानाच्या तोंडाशी ठेवा. आता तोंड मिटा. उघडा. परत मिटा.

मामांनी केलं, मीही केलं. वाचकांनीही करून पाहावं, कारण पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. बोटाखाली कानाची पुढची भिंत हलते. जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढ्यात असतो. तोंड उघडलं की जबड्याच्या हाडाचं टोक पुढं सरकतं आणि नळीचा बाहेरचा, कूर्चेचा भाग त्याच्याबरोबर ओढला जातो. बहुतेकांची नळी तेव्हा रुंदावते. दोन्ही कानांत सारखीच रुंदावते असंही नाही.

धाकटी : ताईचा ठसा तोंड मिटून घेतला होता. मी विचारलं तिला. गप्प बसा, हलू नका, एवढंच सांगितलं होतं. मिटल्या तोंडाच्या मापाचा मोल्ड मिटल्या तोंडाला उत्तम बसतो. बासरीवाल्याला कदाचित चालेल, गिटारवाल्याला चालेल. गाणारीला चालणार नाही. गायकाचा ठसा घेताना दातांत साधारण इंचभर जाडीचा ठोकळा धरायला देतात आणि सिलिकॉन घट्ट होईपर्यंत तोंड तसंच उघडं ठेवायचं असतं.

मामा : इंचभर? मुखड्याला तिचं तोंड अर्धवट उघडं, ‘आ’काराला पूर्ण उघडं, गुणगुणताना मिटलेलं. त्यातला कुठला इंच तू धरणार? आणि उघड्या तोंडाचा मोल्ड मिटल्या तोंडाला रुतणार नाही?

धाकटी : रुततो थोडा. ठोकळा फार जाड घेतला तर दुखतोही. म्हणून तो गाण्याच्या सवयीप्रमाणं निवडायचा. ठसा घेण्याआधी मी गायकाला माझ्यासमोर गायला लावते. तोंड किती उघडतो, जबडा एका बाजूला नेतो का, मान कुठं वळवतो, ते बघते. मिटल्या तोंडाला किंचित दाब चालतो, उघड्या तोंडाला गळती चालत नाही. काही जणांना नळीत जाणारा भाग मऊ सिलिकॉनचा किंवा शरीराच्या उष्णतेनं मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा करून देतात. तो जबड्याबरोबर थोडा हलतो. टणक ॲक्रिलिक टिकाऊ असतं, पुसायला आणि दुरुस्त करायला सोपं असतं, पण ठशातली चूक ते पोटात घालत नाही.

मामा : मग साध्या फोमच्या बोंडाचं काय वाईट? दाबून घातलं की आत फुगतं, जबड्याबरोबर दबतं, उठतं. किंमत किती? काहीच नाही.

धाकटी : काहीच वाईट नाही. महिन्यातून एकदा गाणाऱ्याला मी मोल्ड करूच देत नाही, फोम वापर म्हणते. ताईलाही मी पहिल्यांदा फोमच लावून गायला सांगितलं. फोम लावल्यावर बेस जागेवर राहिला. म्हणजे तिचं मिक्सिंग ठीक आहे, दोष मोल्डचा आहे, हे पाच मिनिटांत कळलं. पण तीन तासांच्या कार्यक्रमात घामानं फोम सरकतो, वायरीच्या ओढीनं निघतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच आत जातो असं नाही. मोल्डला कानाच्या वरच्या घडीत अडकणारं टोक असतं. ते बसलं की नाचलं तरी हलत नाही.

इथं मामा थोडे नरमले, कारण मिक्सरवर बसणाऱ्याला कार्यक्रमाच्या मधोमध बदलणारा आवाज किती छळतो हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यांनी ठशाची सगळी कृती विचारून घेतली. ती मी जरा सविस्तर देतो, कारण मोल्ड चांगला होणार की वाईट, ते त्या खुर्चीतच ठरतं.

आधी ऑटोस्कोपनं कान तपासायचा. मळ असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घ्यायचा; मळावर घेतलेला ठसा हा मळाचाच ठसा. पडद्याला भोक असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, कान वाहत असेल, तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. कलकत्ता, कोकण, गोवा अशा दमट हवेत कानाला बुरशी होते, तीही आधी बरी करायची. मग दोरा बांधलेला फोमचा किंवा कापसाचा छोटा अडसर नळीत आत बसवायचा. त्याच्यापलीकडं पडद्यापर्यंत काही जाता कामा नये. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि सरळ नसते, तिला दोन वळणं असतात. चांगल्या मोल्डसाठी ठसा दुसऱ्या वळणाच्या थोडा पुढं गेला पाहिजे. त्यासाठी अडसर तिथवर न्यावा लागतो, आणि हेच काम घाईत अर्धवट होतं. मग दोन भाग मिसळून तयार केलेलं सिलिकॉन सिरिंजनं आतून बाहेर भरत आणायचं. सिरिंजचं टोक सिलिकॉनमध्ये बुडालेलं राहिलं तर हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. बाहेरची वाटी आणि वरची घडीही भरायची. नंतर चार-पाच मिनिटं ठोकळा दातांत तसाच धरून बोलायचं नाही, हसायचं नाही, मान सरळ ठेवायची.

मामा : आमच्या वेळी पावडर आणि द्रव कालवून ठसे घ्यायचे. शेजारच्या काकांच्या श्रवणयंत्रासाठी घेतलेला मी पाहिलाय. उन्हाळ्यात पोस्टानं पाठवला की वाकडा व्हायचा.

धाकटी : व्हायचाच. ते मिश्रण आकसायचं आणि उष्णतेनं बिघडायचं. आताचं सिलिकॉन आकार धरून राहतं. तरी तो टणक डबीत, कशाखाली दबणार नाही असा पाठवायचा. ठसा कानातून काढल्यावर गायकानंही तो हातात घेऊन बघावा. दोन्ही वळणं दिसतात का? नळीच्या भागावर खड्डा, बुडबुडा, घडी आहे का? वरच्या घडीचं टोक पूर्ण आलंय का? एक जरी गोष्ट नसेल तर तिथल्या तिथं दुसरा ठसा मागायचा. लाजायचं नाही. आता काही ठिकाणी ठसा स्कॅन करून संगणकावर मोल्ड घडवतात आणि तो छापून काढतात. त्यानं काम नेमकं होतं, पण जे ठशात आलंच नाही ते संगणक कुठून आणणार?

मामा : बरं, सील पक्कं झालं समज. तिची दुसरी तक्रार तू विसरतेस. स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो म्हणते. खर्ज तर नुसता गडगडतो. हे तुझ्या पक्क्या सीलमुळंच ना?

धाकटी : हो. ही तक्रार खरी आहे आणि तिचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नाही. गाताना आवाज हाडांतूनही कानापर्यंत पोहोचतो आणि नळीच्या कूर्चेच्या भिंती थरथरतात. कान उघडा असला की ती थरथर बाहेर निघून जाते. बंद केला की आतच कोंडते. ‘ई’ आणि ‘ऊ’ म्हणताना सगळ्यात जास्त. खालच्या पट्टीत हा फरक वीस डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. मोल्ड नळीच्या आतल्या, हाडाच्या भागापर्यंत गेला तर घुमणं कमी होतं, कारण थरथरणारा भागच झाकला जातो. पण हाडावरची कातडी फार पातळ असते, तिथं थोडाही जादा दाब सहन होत नाही. म्हणजे आखूड मोल्ड घुमतो आणि लांब मोल्ड दुखतो. यातला मध्य प्रत्येक कानाला वेगळा. म्हणूनच ठसा खोल हवा. प्रयोगशाळेला नंतर कापून कमी करता येतं, नसलेलं वाढवता येत नाही.

मामा : आणि दाद? लोकांचा आवाज?

धाकटी : ते काम तुमचं. रंगमंचाच्या कडेला लोकांकडं तोंड करून दोन माइक लावा आणि त्यांचा आवाज थोडा तिच्या कानात सोडा. साथीदाराचाही सोडा. ते मिळालं नाही की गायक एक कान काढतात. उघड्या कानावर ड्रम आदळतात, आणि दोन कानांनी मिळून जे मोठं ऐकू येतं ते एका कानानं येत नाही, म्हणून दुसऱ्या कानातला आवाज चढवतात. अशानं दोन्ही कान जातात. घालायचे तर दोन्ही घाला, नाहीतर एकही नको.

मामांनी याला विरोध केला नाही. लोकांचे माइक लावायला टाळाटाळ करणारे ध्वनिसंयोजक पुष्कळ आहेत, असं तेच म्हणाले. माझ्या मते या वादातली ही जागा दुर्लक्षित राहते. मोल्ड कितीही चांगला असो, मिक्सरवरच्या माणसानं गायकाला सभागृहापासून तोडलं तर तो मोल्ड कानातून निघणारच. फिटिंगचा अर्धा भाग कानात असतो, अर्धा मिक्सरवर.

आणखी एक सांगण्यासारखं. हे तंत्र आलं श्रवणयंत्रांच्या धंद्यातून. १९९५ मध्ये जेरी हार्वी या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञानं व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी असे मॉनिटर घडवले आणि त्यातून ‘अल्टिमेट इअर्स’ ही कंपनी निघाली. आतले इवलेसे स्पीकर मुळात श्रवणयंत्रांसाठी बनलेले. ठसा घेण्याची विद्याही तिथलीच. त्यामुळं ठसा घेणारा माणूस त्याच विद्येत शिकलेला हवा. आपल्याकडं ऑडिओलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं होते, ती विचारून घ्यावी. घरच्या घरी ठसा घेण्याचे संच विकत मिळतात, ते धाकटीला अजिबात मान्य नाहीत. अडसर न लावता भरलेलं सिलिकॉन पडद्याला चिकटलं तर ते काढायला शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तरी ठशाचे थोडे पैसे वाचवायला लोक हा धोका पत्करतात.

मामा : माझी एक अट आहे. नवा ठसा घेण्याआधी पोरीचे कान तपासून घ्यायचे. इतकी वर्षं ‘वाढव, वाढव’ केल्यावर तिला नेमकं किती ऐकू येतं ते आधी कागदावर दिसू दे.

धाकटी : ही अट मीच घालणार होते. बी. टी. रोडनं वर गेलं की बोनहुगलीला अली यावर जंग संस्थेचं पूर्व विभागाचं केंद्र आहे. मुख्य संस्था आपल्या वांद्र्याची, १९८३ ची. तिथं ऑडिओग्राम होतो. तो जपून ठेवायचा आणि दर वर्षी नव्याशी ताडून बघायचा.

मामा : आणि तो झाल्यावर तुझा इंचभर ठोकळा.

धाकटी : तिचा इंच किती ते ती गायल्यावर ठरेल.

मामांचं मूळ मत बदललेलं नाही. बैठकीत कान उघडा हवा, असं ते अजून म्हणतात, आणि मला ते पटतं. बँडबरोबर गाणाऱ्या मुलीला मात्र मोल्ड हवा आणि तो पुन्हा करायला हवा, हे धाकटीचं म्हणणंही मला तितकंच पटतं.

तुमच्या घरात कुणी इन-इअर लावून गात असेल तर एवढं करा. नवा मोल्ड आला की तो आधी नीट घालायला शिका : दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढायचा, नळीचं टोक आधी आत सरकवायचं आणि मग मोल्ड मागं फिरवून वरचं टोक घडीत बसवायचं. लाल उजव्या कानाचा, निळा डाव्याचा. वाईट फिटिंगच्या पुष्कळ तक्रारी इथंच मिटतात. मग बेसचा एक लांब स्वर लावून तोंड पूर्ण उघडा, मान दोन्हीकडं वळवा आणि तुमचं सगळ्यात वरच्या पट्टीचं गाणं म्हणा. बेस एकदा जरी गळला, किंवा पंधरवड्यानंतरही कान एकाच ठिकाणी दुखत राहिला, तर सवय होईल असं म्हणून थांबू नका. बहुतेक कंपन्या सुरुवातीच्या साधारण महिनाभरात मोल्ड विनामूल्य दुरुस्त करून देतात. ती मुदत संपायच्या आत तो परत पाठवा आणि नवा ठसा तोंड उघडं ठेवून द्या.